मांडीवरचं सूप

सोलापूरजवळ कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसतात. बोटांना उसंत नाही: पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू मात्र निपचित, आणि रक्तातली साखर वापरण्याचं मोठं काम त्यांचंच.

२०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये १० लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास आला. दिवसाला ८ तासांहून जास्त बसणाऱ्यांपैकी जे रोज ६० ते ७५ मिनिटं भरभर चालण्याइतकी हालचाल करत, त्यांच्यात बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका दिसला नाही. तंबाखूच्या धुळीचा धोका वेगळा. तो चालण्याने जात नाही.

शिवाय मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. उठलं की कमाई घटते, म्हणून चालण्याचा सल्ला देताना मजुरीच्या दराबद्दलही बोलायलाच हवं.