त्वचेची बाजू

गांजाच्या झाडावर आपल्याकडे इतकं लिहून झालंय, की ओ'शॉनेसीचे कलकत्त्यातले १८३९चे प्रयोग आणि १८९३-९४चं हेम्प ड्रग्ज कमिशन यांना लांबूनच नमस्कार करतो. मेशूलाम आणि गाओनी यांनी १९६४ साली वेगळा केलेला, नशा आणणारा टीएचसी, तो ज्यावर बसतो तो १९९०मध्ये क्लोन झालेला सीबी-१ रिसेप्टर, त्यावर बसणारी शरीराची स्वतःची रसायनं म्हणजे १९९२चं आनंदामाइड आणि १९९५चं टू-एजी, ही सनावळी पाठ्यपुस्तकांत आहे. या काळात जो तो मेंदूकडे बघत होता. मी त्वचेकडे बघत होतो आणि त्याबद्दल चेष्टाही सोसत होतो.

त्वचा म्हणजे शरीराचं नुसतं वेष्टन, असं मानणारे विद्वान तेव्हा आमच्या परिषदांत पहिल्या रांगेत असायचे. १९९३मध्ये केंब्रिजच्या शॉन मन्रो यांना सीबी-२ रिसेप्टर सापडला, तोही प्लीहेतल्या मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे दाहाच्या कारखान्यातच. त्याच वर्षी रिटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी आणि सहकाऱ्यांनी पामिटॉइलइथेनॉलामाइड हे अ‍ॅलर्जीत दाह पेटवणाऱ्या मास्ट पेशींना आवर घालतं, असं मांडलं. हे आनंदामाइडचं चुलत भावंड १९५७मध्येच अंड्याच्या बलकात आणि शेंगदाण्याच्या पेंडीत सापडलं होतं. त्यात नशा नाही, म्हणून त्याला प्रसिद्धीही नाही!

पण माझा खरा जीव जडला तो बॉनच्या उंदरांवर. दोन्ही रिसेप्टर नसलेल्या उंदरांच्या कानांत ओळखीसाठी निकेलचे बिल्ले अडकवले होते. त्या कानांना जखमा होऊ लागल्या. दुसऱ्या कुणी बिल्ले बदलले असते आणि विषय संपवला असता. मेलिहा कार्साक, आंद्रेआस त्सिमर आणि सहकाऱ्यांनी त्याचाच पाठपुरावा केला. अ‍ॅलर्जी उठवणारं रसायन लावल्यावर या उंदरांचे कान जास्त सुजले. उलट, आनंदामाइड मोडणारं फाह हे एन्झाइम ज्यांच्यात नव्हतं, त्यांची सूज कमी राहिली. २००७चा हा निबंध 'सायन्स'मध्ये आला. मी तो विद्यार्थ्यांकडून मोठ्यानं वाचून घेत असे. निरीक्षण म्हणजे काय, हे शिकवायला त्याहून चांगला धडा मला मिळाला नाही.

जखमेचा हिशेब मात्र वेळेचा आहे. आधी न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज येऊन घाण साफ करतात, मग केराटिनोसाइट कडेकडेनं सरकत जखम झाकतात, शेवटी फायब्रोब्लास्ट तिला बळकटी देतात. उंदरांमध्ये सीबी-२ चेतवल्यावर दाह ओसरतो आणि वरचा थर लवकर धरतो, असं दिसलंय. पण तेवढ्यावरून दाह हा शत्रूच, असं समजू नये. सुरुवातीचा दाह दाबला तर जंतूंचं फावतं. तो वेळेवर न ओसरला तर जखम चिघळत राहते. मधुमेही पायाच्या जखमेत हेच होतं. शिवाय टू-एजी मोडलं की त्यातून अ‍ॅरॅकिडोनिक आम्ल सुटतं आणि त्यापासून दाह वाढवणारी प्रोस्टाग्लँडिनं बनतात. एकच वाट दाह शमवण्याकडेही जाते आणि वाढवण्याकडेही. फाहला रोखणाऱ्या एका औषधाच्या चाचणीत २०१६मध्ये फ्रान्समधल्या रेन शहरी एक स्वयंसेवक दगावला. त्याच्या मेंदूला झालेली इजा फाह रोखल्यामुळेच झाली, असं सिद्ध झालेलं नाही, पण घाईनं औषधं बनवू पाहणाऱ्यांना तो इशारा पुरेसा होता.

हल्ली चित्र निराळं आहे. 'आमच्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं' म्हणणारे एकीकडे आणि गांजाच्या झाडातल्या, नशा न आणणाऱ्या सीबीडीच्या तेलाची बाटली विकणारे दुसरीकडे. दोघांनाही मास्ट पेशीशी देणंघेणं नाही. पूर्वी वॉर्डात रोज जखमेची पट्टी स्वतः सोडून बघणारे डॉक्टर असत. आता मोबाइलवरचा फोटो बघून मलम लिहून दिलं जातं.

माणसांच्या जखमांवर सीबीडीच्या तेलाचा भरवशाचा पुरावा आजही फार तुटपुंजा आहे. तेव्हा वाचकहो, घरात कुणाची जखम भरत नसेल तर साखर तपासा, जखम स्वच्छ ठेवा, डॉक्टरांना पट्टी उघडून बघायला लावा. बाटलीचे पैसे वाचतील ते चांगल्या चपलांवर खर्च करा.