कॅमेरा वारंवार बंद, दुरुस्तीचं बिल अवाच्या सवा. लग्नाचे फोटो काढणारा फोटोग्राफरही कायद्याने 'ग्राहक'च

कुंभारी (ता. दक्षिण सोलापूर) : ऐन अक्षता पडताना कॅमेऱ्यावर 'एरर' येतो आणि फोटोग्राफरच्या पोटात गोळा येतो. वऱ्हाडाला पुन्हा अक्षता टाका म्हणता येत नाही. नंतर कॅमेरा पुण्या-मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला पाठवायचा, वाट बघायची, आणि खर्चाचा आकडा ऐकून डोक्याला हात लावायचा. हप्त्यावर कॅमेरा घेतलेल्या पोराची लग्नसराई त्यातच जाते.

प्रत्येक एरर म्हणजे मोठा बिघाड नव्हे. कॅननमध्ये 'एरर ०१' आला तर बॉडी आणि लेन्स यांचा संपर्क नीट होत नाही, असा त्याचा अर्थ. लेन्सच्या मागचे पितळी ठिपके कोरड्या मऊ कापडाने पुसून बघावेत. हळद, भंडारा, होमाचा धूर, सगळं तिथंच बसतं. एप्रिल-मेच्या उन्हात सलग व्हिडिओ घेताना मिररलेस कॅमेरा तापून बंद पडतो, तोही बहुतेक वेळा बिघाड नसतो. सावलीत थंड होऊ द्यावा.

शटरचं मात्र वेगळं. मधल्या किमतीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं शटर साधारण १ ते दीड लाख फोटोंसाठी बनवलेलं असतं. एका लग्नात २ हजार फोटो धरले तर ५० लग्नांत १ लाख होतात. जुना कॅमेरा घेताना शटर काउंट विचारावा तो यासाठीच. शटर झिजलं तर तो दोष कंपनीचा म्हणता येत नाही.

पण दोष मुळातला असेल तर? निकॉनचा डी६०० हा कॅमेरा २०१२ मध्ये आला. फोटोवर धुळीचे, तेलाचे ठिपके दिसायला लागले आणि जगभरातून तक्रारी झाल्या. शेवटी फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्यांनाही शटर फुकट बदलून देण्याचं जाहीर केलं. एकट्याने ओरडून हे झालं नसतं.

आपल्याकडे बरेच फोटोग्राफर 'आपण धंदेवाले, आपल्याला कुठला ग्राहक कायदा' म्हणून गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कामासाठी घेतली असं धरलं जात नाही. पगारी माणसं ठेवून मोठा स्टुडिओ चालवणाऱ्याला मात्र हा आधार मिळेलच असं नाही.

तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे सोलापुरातच करता येते. कंपनीचं ऑफिस कुठंही असो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा, मराठीत बोलता येतं. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलंय. सहभागी कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती तिथं मिळते.

हातात कागद मात्र हवा. पक्कं बिल, सर्व्हिस सेंटरचं जॉबशीट, कुठल्या भागाचे किती आणि मजुरी किती हे वेगळं लिहिलेला अंदाज, हे सगळं मागून घ्यावं. बदललेला जुना भागही परत मागावा. दोन-चार हजार वाचवायला विनाबिल कॅमेरा घेतला की वॉरंटी मागायची सोयच राहत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून आयोगात जायला २ वर्षांची मुदत असते.