पाठीवरचा प्रत्येक किलो: नर्मदेच्या फुगवट्यात उतरणाऱ्यासाठी हार्नेसचा हिशेब

सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, किमान पातळी ११०.६४ मीटर. दोन्हींत २८ मीटरचा फरक. धरणाने बाधित झालेल्या २४५ गावांपैकी ३३ गावे महाराष्ट्रातली आणि ती सगळी नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांत. म्हणजे किमान पातळीच्या काठावर जिथे कोरडी जमीन दिसते, त्याच जागेवर धरण भरल्यावर नऊ मजली इमारत बुडेल एवढे पाणी असते. या पाण्यावर माणसे बोटीने ये-जा करतात, जाळी टाकतात. जानेवारी २०२० मध्ये इथेच प्रवासी बोट उलटून जीव गेले. असे काही घडले की पट्टीचे पोहणारे आधी धावतात, मग धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी येते.

पाण्याखाली शोध घ्यायचा तर पाठीवर टाकी हवी, आणि टाकी अंगाला नीट बांधणारा हार्नेस हवा. तो निवडताना तारकर्ली किंवा गोव्यात शिकून आलेला पाणबुड्या सहसा तिथलीच जोडणी इथेही मागवतो. आकडे मात्र सांगतात, की समुद्रात योग्य ठरणारी जोडणी नर्मदेत जड पडते, आणि ते जडपण धोक्याचे आहे.

जोडणी काय असते

साध्या हार्नेसचे भाग मोजकेच. पाठीला टेकणारा धातूचा पत्रा, म्हणजे बॅकप्लेट. त्यातून ओवलेला ५० मिलिमीटर रुंदीचा एकसंध नायलॉन पट्टा: दोन्ही खांद्यांवरून येऊन कमरेला एकाच स्टीलच्या बकलात अडकणारा. मांड्यांमधून जाणारा दुसरा पट्टा, म्हणजे प्लेट वर सरकत नाही. पट्ट्यावर चार-पाच कड्या. प्लेट आणि टाकी यांच्यामध्ये हवा भरायची पिशवी, तिला विंग म्हणतात.

ही रचना १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातल्या गुहांमध्ये उतरणाऱ्या पाणबुड्यांनी रूढ केली. ते जोडटाक्या वापरत. म्हणून प्लेटच्या मधल्या कण्यावर दोन छिद्रे ठेवली गेली, एकमेकांपासून ११ इंचांवर, म्हणजे सुमारे २७९ मिलिमीटरवर. जोडटाक्यांचे बोल्ट त्यात बसतात. एकच टाकी लावायची तर त्या छिद्रांत काहीतरी मधला भाग बसवावा लागतो. तोच सिंगल टँक अडॅप्टर: धातूची एक पन्हळ आणि तिच्यातून जाणारे दोन कॅम बँड, म्हणजे टाकी आवळणारे पट्टे.

आजच्या बऱ्याच प्लेटना आणि विंगना हे पट्टे थेट ओवायच्या खाचा असतात. त्या असतील तर अडॅप्टर लागत नाही. जुनी प्लेट असेल, विंगला खाचा नसतील, किंवा तीच प्लेट कधी जोडटाक्यांना आणि कधी एका टाकीला वापरायची असेल, तर अडॅप्टर घ्यावा. तो टाकीला डगमगू देत नाही. पण टाकी पाठीपासून थोडी लांब जाते आणि वजन वाढते.

चार वजने

तीन मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा चौरस मीटरला २४ किलो भरतो. प्लेटला साधारण एक दशांश चौरस मीटर पत्रा लागतो, म्हणून स्टीलची प्लेट बाजारात अडीच किलोच्या आसपास मिळते. तेवढीच ॲल्युमिनियमची प्लेट किलोच्या आत, सुमारे ०.९ किलो. स्टीलचा अडॅप्टर धरा ०.९ किलो. चौथे वजन टाकीचे, आणि ते सगळ्यात महत्त्वाचे.

आपल्याकडे डाइव्ह सेंटरवर सर्रास दिसणारी ॲल्युमिनियमची टाकी ११.१ लिटर क्षमतेची, २०७ बार दाबाची आणि १८४ मिलिमीटर व्यासाची असते. तिच्यात सुमारे २,२०० लिटर हवा मावते. त्या हवेचे वजन २.६ किलो. बुडी संपेपर्यंत हे वजन श्वासाबरोबर निघून जाते. त्यामुळे समुद्रात भरलेली टाकी अर्ध्या-पाऊण किलोने बुडते आणि रिकामी झाली की दोन किलोने तरंगते. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्के हलके, म्हणून ते तरंगवतेही कमी. नर्मदेत हीच टाकी भरलेली असताना १ किलोने बुडेल, रिकामी असताना १.६ किलोने तरंगेल.

दोन पाण्यांचा हिशेब

७० किलोचा पाणबुड्या घ्या. अंगात ३ मिलिमीटरचा निओप्रीन सूट. पृष्ठभागावर सूटचे तरंगणे २ किलो धरले, तो माणूस स्वतः गोड्या पाण्यात ना तरंगतो ना बुडतो असे मानले, आणि हिशेब टाकी रिकामी होत आल्याच्या क्षणाचा केला:

- सूट: +२.०
- रिकामी टाकी: +१.६
- रेग्युलेटर आणि मीटर: −१.०
- बेरीज: +२.६

हे २.६ किलो तरंगणे मारायचे आहे. स्टीलची प्लेट पाण्यात आठवा हिस्सा वजन गमावते, २.५ ची २.२ उरते. अडॅप्टर ०.८ उरतो. दोन्ही मिळून −३.०. म्हणजे शिशाचा एक तुकडाही न लावता हा माणूस ०.४ किलोने जड आहे. समुद्रात याच माणसाला खारे पाणी सव्वादोन किलो जास्त उचलते, त्यामुळे तिथे याच जोडणीवर सुमारे दोन किलो शिसे लागते. तारकर्लीत स्टील चोख बसते ते यामुळेच.

आता नर्मदेतली बुडीची सुरुवात बघा. टाकी भरलेली, म्हणून आणखी २.६ किलो जड: −३.०. वीस मीटरवर दाब जवळजवळ तिप्पट होतो आणि सूटमधली हवा दबून तिसऱ्या हिश्शावर येते. दोन किलोंपैकी १.३ किलो तरंगणे गेले: −४.३. याच वेळी विंग फाटली, किंवा तिची नळी निसटली, तर साडेचार किलोंच्या जवळपास ओझे पायांच्या बळावर वर न्यायचे. टाकायला हातात काही नाही, कारण सगळे वजन प्लेट आणि अडॅप्टरमध्ये आहे, आणि ते पाठीला बोल्टने घट्ट आहे.

दुसरी जोडणी: ॲल्युमिनियमची प्लेट, पट्टे थेट तिच्या खाचांतून, अडॅप्टर नाही. प्लेटचे पाण्यातले वजन ०.६ किलो. २.६ मधून ते वजा केले तर उरले २.०, तेवढे शिसे चटकन सोडता येईल अशा पट्ट्यावर. शेवटी बेरीज शून्य. सुरुवातीला −२.६, वीस मीटरवर −३.९. विंग फाटली तर शिसे सोडायचे: −१.९. हे ओझे फिन मारून वर नेता येते.

दोन्ही जोडण्यांत पाणबुड्या खाली राहू शकतो, काम करू शकतो. फरक अडचणीच्या क्षणी दिसतो. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे: उबदार गोड्या पाण्यात, पातळ सूटमध्ये, एका टाकीसाठी ॲल्युमिनियमची प्लेट घ्या, अडॅप्टर टाळा आणि काही वजन सोडता येईल असे ठेवा. टाकी स्टीलची असेल तर हे दुप्पट लागू. बारा लिटरची स्टीलची टाकी रिकामी झाल्यावरही बुडतेच. तिच्याबरोबर स्टीलची प्लेट लावणे म्हणजे वर येण्याची वाट स्वतःच अवघड करणे.

विंगही याच हिशेबातून निवडावी. दुसऱ्या जोडणीतले सगळे साहित्य, शिशासह आणि भरलेल्या टाकीसह, अंगावर नसताना पाण्यात ४.६ किलो खाली ओढते. १३.६ किलो उचलणारी, म्हणजे ३० पौंडांची विंग त्याला पुरून उरते. जोडटाक्यांची मोठी विंग एका टाकीभोवती दुमडते, हवा वरच्या घडीत अडकते आणि शरीर कलते.

गढूळ पाण्यातले बारकावे

फुगवट्याखाली बुडालेली झाडे आहेत, वर मासेमारीची जाळी आहेत, आणि पावसाळ्यानंतर गाळामुळे हात दिसत नाही. त्यामुळे लोंबणारे काही नको. पट्ट्यांची टोके कापून, जाळून, आत खोचलेली. कापायचे हत्यार कमरेच्या पट्ट्यावर, दोन्ही हातांना पोचेल असे. काठावरच्या सोबत्याकडे जाणारी दोरी हार्नेसच्या कडीला बांधू नये. तिच्यासाठी आत वेगळा छातीपट्टा घालावा, म्हणजे अडकलेले सामान काढून टाकावे लागले तरी माणूस दोरीला राहतो.

कॅम बँड आवळण्याआधी पाण्यात भिजवायचे. नायलॉन ओला झाला की सैलावतो. कोरडा आवळलेला पट्टा पाण्यात उतरल्यावर टाकी खाली सरकू देतो. भिजवा, आवळा, बकल मिटा, मग प्लेट धरून सगळी जोडणी उचला आणि दोन झटके द्या. टाकी बोटभरही हलली तर पुन्हा आवळा.

उंचीचा आकडा

उंचीवरच्या बुडीचे नियम साधारण ३०० मीटरच्या वर लागू होतात, म्हणून सरदार सरोवराला त्यांची गरज नाही. पण त्याच अक्राणी तालुक्यात तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा १३ टक्के कमी. यशवंत तलावातले १० मीटर समुद्रसपाटीच्या तक्त्यावर ११ मीटरांहून अधिक धरावे लागतात. नर्मदेत बुडी मारून त्याच दिवशी गाडीने तोरणमाळ चढणे तर टाळावेच. ६०० मीटरच्या वर जाण्याआधी विमानप्रवासाचाच संकेत पाळणे शहाणपणाचे: एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास.

खरेदीआधी

२३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या तरुणांचा शोध घेताना धुळ्याच्या तुकडीची बोट उलटली आणि तीन जवान गेले. त्या दुर्घटनेचे कारण हार्नेस नव्हता. पण शोधाला जाणारा माणूस स्वतः किती जोखीम उचलतो, हे तिने दाखवून दिले. त्याच्या साहित्यात टाळता येईल अशी जोखीम राहू देणे बरोबर नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी टाकी कोणती मिळणार ते पक्के करा, कारण आयात सिलिंडरला नागपूरच्या पेसो या केंद्रीय यंत्रणेची परवानगी लागते आणि निवड तिथेच मर्यादित होते. मग सूट, मग प्लेट, शेवटी शिसे. वरच्या हिशेबात स्वतःचे आकडे घाला, कारण प्रत्येकाचे शरीर वेगळे तरंगते. प्रशिक्षित सोबत्याबरोबर जलतरण तलावात टाकीत ५० बार उरलेले असताना उतरा आणि विंग रिकामी ठेवून स्थिर राहता येते का बघा. नंतर शिसे सोडून आणि विंग रिकामीच ठेवून, भरलेल्या टाकीनिशी तळापासून पोहत वर या. ही दुसरी चाचणी जी जोडणी पार करत नाही, ती नर्मदेत नेऊ नका.