हिमशिखरे आणि अनुबोधपट

अरवलीच्या झिजून गेलेल्या रांगेचे शेवटचे खडक ज्या शहराच्या पाठीशी जेमतेम माना वर काढून उभे आहेत, आणि जिथल्या गिर्यारोहकांना साध्या प्रस्तरारोहणाच्या सरावासाठीही फरिदाबादजवळच्या धौज गावाची वाट धरावी लागते, त्या दिल्लीचा हिमालयाशी संबंध काय, असा प्रश्न महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. परंतु हिमालयन क्लबची स्थापना १७ फेब्रुवारी १९२८ रोजी झाली ती याच शहरात. आणि आजही परदेशी पथकाला भारतीय हद्दीतील एखाद्या शिखरावर चढाई करावयाची असेल, तर दक्षिण दिल्लीतील बेनिटो हुआरेझ मार्गावरच्या भारतीय गिर्यारोहण प्रतिष्ठानाच्या दफ्तरी अर्ज गुदरून परवाना मिळवावा लागतो व सोबत एक संपर्क अधिकारी न्यावा लागतो. अर्जांच्या रूपाने या वास्तूत येणारा हिमालय अलीकडे तेथे चित्रांच्या रूपानेही येऊ लागला आहे. प्रतिष्ठानाने गिरिविषयक चित्रपटांचा महोत्सव सुरू केला असून त्यातील निवडक अनुबोधपट अन्य शहरांतही फिरविले जातात.

घडत असलेली घटना कॅमेऱ्याने टिपून ठेवण्याची विद्या मराठी माणसाला परकी नाही. मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती १८९९ साली चित्रित करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, हे भारतीय अनुबोधपटाचे आद्य कर्ते मानले जातात, आणि १९०३ साली लॉर्ड कर्झनने भरविलेला दिल्ली दरबारही त्यांनी चित्रबद्ध केला होता. दरबार काय किंवा कुस्ती काय, तेथे कॅमेरा घेऊन उभे राहण्यास सपाट भूमी होती. पर्वतावर मात्र ज्याचे चित्र घ्यायचे त्याच्याइतकीच चढण चित्र घेणाऱ्यालाही चढावी लागते, आणि म्हणूनच या प्रकारच्या चित्रपटांचा विचार निराळा करणे प्राप्त होते.

या परंपरेचा खरा आरंभ कॅप्टन जॉन नोएल याच्यापासून धरावा. १९२४ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेच्या चित्रणाचे हक्क त्याने ८,००० पौंड मोजून घेतले, थंडीने वंगण गोठू नये म्हणून वंगणाची गरजच नसलेला कॅमेरा बनवून घेतला, आणि हिमनदीच्या बाजूच्या एका उंच खडकावर ठाण मांडून तीन किलोमीटरांहून अधिक अंतरावरील ठिपक्याएवढी माणसे दूरवेधी भिंगातून टिपली. चित्रित झालेल्या फिती दार्जिलिंगच्या प्रयोगशाळेत धुतल्या जात. शिखराकडे निघालेले मॅलरी आणि अर्विन परतले नाहीत हे खालच्या मंडळींना कळले तेसुद्धा असेच दुरून, वरच्या तळावरील सोबत्यांनी बर्फावर फुलीच्या आकारात अंथरलेल्या घोंगड्यांवरून. शोकवार्तेसाठी तीच खूण आधी ठरलेली होती. त्या घटनेचे गांभीर्य नोएलच्या चित्रपटात आजही अंगावर काटा आणते.

पण त्याच चित्रपटाने एक अनर्थही ओढवला. लंडनच्या प्रयोगांना शोभा यावी म्हणून ग्यांत्से येथून सात लामा नेऊन रंगमंचावर त्यांचे नृत्य व वादन करविण्यात आले. तिबेटी जीवनाची काही दृश्येही ल्हासाला अवमानकारक वाटली. ल्हासाच्या दरबाराने आपली तीव्र नाराजी हिंदुस्थान सरकारला कळविली, लामांना परत पाठविण्याचा आग्रह धरला, आणि पुढे १९३३ पर्यंत तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टला जाण्याची परवानगी कोणत्याही पथकास मिळाली नाही. ज्यांच्या मुलखात आपण पाहुणे म्हणून जातो त्यांचे चित्र कसे काढावे, हा प्रश्न गिरिचित्रपटाच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे, आणि माझ्या मते चढाईच्या थरारापेक्षा तोच अधिक महत्त्वाचा आहे.

एव्हरेस्टवरील १९५३ च्या विजयाचा चित्रपट टॉम स्टोबार्ट व जॉर्ज लो यांच्या कॅमेऱ्यांनी घडविला. मात्र शिखरमाथ्यावरचे चलच्चित्र त्यात नाही, कारण तेथे हिलरीने काढलेली स्थिरचित्रेच काय ती उपलब्ध होती. माथ्यावरून पहिले चलच्चित्रण केले ते १९६३ च्या अमेरिकन मोहिमेतील ल्यूट जर्स्टॅड याने.

आपल्या देशाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा अनुबोधपट फिल्म्स डिव्हिजनचा ‘एव्हरेस्ट’ हा होय. १९६० व १९६२ साली भारतीय पथके माथ्यापासून काहीशे फुटांवरून प्रतिकूल हवामानामुळे माघारी फिरल्यानंतर कॅप्टन मोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखाली १९६५ चे पथक गेले. २० मे रोजी अवतारसिंग चीमा व नवांग गोंबू, २२ मे रोजी सोनम ग्यात्सो व सोनम वांग्याल, २४ मे रोजी सी. पी. व्होरा व आंग कामी, आणि २९ मे रोजी हरिपालसिंग अहलुवालिया, हरीशचंद्र रावत व फू दोरजी असे नऊजण शिखरावर पोहोचले. एकाच वेळी तिघे माथ्यावर उभे राहण्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि त्या नऊजणांपैकी गोंबू तर एव्हरेस्टवर दोनदा पाऊल ठेवणारा जगातील पहिला मनुष्य. सी. व्ही. गोपाल यांनी पथकासोबत राहून चित्रण केले, एन. एस. थापा यांनी दिग्दर्शन केले, आणि संगीत दिले ते शंकर-जयकिशन यांनी.

हा चित्रपट पाहताना आज एक जाणीव मन व्यापून टाकते. शिखरावरून उतरल्यानंतर काही महिन्यांतच अहलुवालिया पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात गोळी लागून जायबंदी झाले आणि पुढचे सारे आयुष्य त्यांना चाकांच्या खुर्चीवर काढावे लागले. त्या खुर्चीवरूनच त्यांनी दिल्लीच्या वसंत कुंजात मज्जारज्जूच्या दुखापतींवरील रुग्णालय उभारले आणि गिर्यारोहण प्रतिष्ठानाचे अध्यक्षपदही भूषविले. त्यांची पर्वतावर चालणारी पावले ज्या फितीत उरली आहेत, तिचे मोल केवळ क्रीडाविक्रमाच्या नोंदीपुरते कसे मानावे?

पुढे साधने बदलली. डेव्हिड ब्रेशियर्सने १९९६ साली आयमॅक्सचा सुमारे १९ किलोंचा कॅमेरा एव्हरेस्टच्या माथ्यावर नेला, तेव्हा एका रिळात अवघ्या दीड मिनिटाचे चित्रण मावत असे. उलट गढवालमधील मेरू शिखरावरील २०१५ च्या चित्रपटात जिमी चिन व रेनन ओझटर्क हे आरोहण करता करताच चित्रण करणारे आहेत. या सर्वांत मी अग्रमान देईन तो जेनिफर पीडम यांच्या ‘शेर्पा’ या चित्रपटाला. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार हिमलोटाखाली गेले, आणि इतर चित्रपटांत ओझे वाहताना ओझरते दिसणारे लोक येथे कथेच्या मध्यभागी येऊन आपला संताप आणि आपला हिशेब स्वतःच्या तोंडाने मांडतात.

महाराष्ट्रानेही या क्षेत्रात पुष्कळ केले आहे. सुरेंद्र चव्हाण १९९८ साली एव्हरेस्टवर पोहोचले, २०१२ साली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ आरोहक एकाच मोहिमेत पोहोचले; आणि त्याच्या कितीतरी आधीपासून लिंगाणा, तैलबैला, कोकणकडा यांच्या कातळावर आपल्या संस्थांची पोरे दोर बांधून चढत आली आहेत. त्या चढायांच्या आठ मिलिमीटरच्या फिती आणि व्हिडिओ कॅसेट कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या लोखंडी कपाटात दमट हवेत पडून असतील, त्यांना बुरशी लागण्यास फार काळ लागत नाही. नोएलचा चित्रपट जवळजवळ नव्वद वर्षांनंतर २०१३ मध्ये पुन्हा झळाळून पडद्यावर आला, तो कोणीतरी त्याच्या प्रती सांभाळून ठेवल्या म्हणूनच. १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तर आपल्या पुण्यातच आहे. गिर्यारोहण संस्थांच्या जुन्या कार्यवाहांनी येत्या वर्षात आपापली कपाटे उघडावीत, प्रत्येक फितीवर मोहिमेचे नाव, वर्ष आणि ओझी वाहणाऱ्यांसह सर्व सहभागींची नावे लिहावीत, आणि ती संग्रहालयाच्या स्वाधीन करण्याची तजवीज करावी, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.