पायरीवर बसलेली मुलं

आमच्या खोलीला नाव नाही. सुरुवातीला मी हौसेनं 'युवक केंद्र' अशी पाटी रंगवून घेतली होती. दोन पावसाळ्यांत तिचा रंग गेला आणि ती पुन्हा रंगवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. पोरं 'कॅरमची खोली' म्हणतात. त्यांचे आईबाप 'मिशनवाल्या सरांची खोली' म्हणतात. सोलापूरची आमच्या चर्चची मंडळी तिला 'मंगळवेढ्याचं काम' म्हणतात आणि ते काम कसं चाललंय, असं विचारताना आवाज जरा खाली आणतात.

खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर, शहाबादी फरशी, तीन कॅरमबोर्ड, बुद्धिबळाचे दोन पट (एकात वजिराच्या जागी औषधाच्या बाटलीचं झाकण आहे), पुस्तकांची एक मांडणी, दोन वर्तमानपत्रं आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. बाहेर मोकळ्या जागेत व्हॉलीबॉलची जाळी. संध्याकाळी पाच ते आठ दार उघडं. वर्गणी नाही, हजेरीपट नाही, कुणी कुणाला 'कशाला आलास?' म्हणून विचारायचं नाही. शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर मी आणि माझी पत्नी मिळून हे चालवतो, त्याला आता दहा-बारा वर्षं होतील.

ही कल्पना काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. तरुणपणी मी मुंबईत काही दिवस वायएमसीएच्या वसतिगृहात काढले होते. ही संस्था लंडनमध्ये ६ जून १८४४ रोजी सुरू झाली. जॉर्ज विल्यम्स नावाचा खेड्यातून आलेला एक तरुण कापडाच्या दुकानात नोकरीला होता. अशा पोरांना दिवसाचे बारा-चौदा तास काम, दुकानाच्या माडीवरच झोपायचं, आणि सुटका झाली की समोर फक्त दारूचे गुत्ते. त्याच्यासारख्याच बारा जणांनी मिळून बसायला, वाचायला, प्रार्थनेला एक जागा केली. मुंबईत ही संस्था १८७५ साली आली. आज गावोगावच्या शाळांच्या मैदानांवर जो व्हॉलीबॉल खेळला जातो तो याच संस्थेच्या एका शिक्षकानं १८९५ साली अमेरिकेत शोधून काढला, हे आमच्या पोरांना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या मते तो खेळ पंढरपूरकडून आलेला असणार!

लंडनच्या दुकानातली ती पोरं आणि आमची मंगळवेढ्याची पोरं यांत मला फार अंतर वाटत नाही. आमचा तालुका मालदांडी ज्वारीचा. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. काळ्या रानात पाऊस झाला तर सोनं, नाही झाला तर दक्षिणेकडच्या गावांतून माणसं बाहेर पडतात. मोठी माणसं उसाला गेली की दहावीचं पोरगं आजीपाशी राहतं. दुपारी शाळा सुटते. मग संध्याकाळ होते. या वयात संध्याकाळ फार लांब असते, हे आपण मोठे झाल्यावर विसरतो. पोलीस भरतीची तयारी करणारी पहाटे धावून येतात, पण दिवेलागणीला त्यांनी कुठं जायचं? पानटपरी असते, मोबाईल असतो, आणि तिसरंही बरंच काही असतं. चौथी जागा म्हणून आमची खोली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पहिली दोन वर्षं मी पाच वाजता दार उघडलं की आधी लहानशी प्रार्थना घेत असे. एक गाणं, शास्त्रपाठातल्या चार ओळी, पाच-सात मिनिटांचा मामला. कुणाला सक्ती नव्हती. मला त्यात काही गैर वाटलं नाही. शाळेतही प्रार्थना होतेच की.

मग एकदा पत्नीनं विचारलं, "तुमच्या लक्षात आलंय का, निम्मी पोरं सव्वापाचलाच का येतात?"

मी दाराबाहेर जाऊन पाहिलं. आठ-नऊ जण पायरीवर बसले होते. चपला काढून, हातात हात घालून, मुकाट. आमचं 'आमेन' झालं की उठून आत यायचे. उद्धटपणा कसला तो नाही. उलट आमच्या प्रार्थनेत व्यत्यय नको म्हणून ती पोरं अंग चोरून बसत होती.

मंगळवेढ्यात राहणाऱ्या माणसाला पायरीवर बसलेलं कुणी पाहिलं की एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही. चोखोबा आमच्याच गावचे. १३३८ साली इथं कुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. देवळाच्या बाहेर. पुढे सहाशेहून अधिक वर्षांनी, १९४७च्या मे महिन्यात, साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावं लागलं तेव्हा विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं. आमच्या पायरीवरच्या पोरांचं दुःख त्या जातीचं नव्हतं, हे मला कळतं. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. तरीही माझ्या खोलीत आत कोण आणि बाहेर कोण हे माझ्या गाण्यानं ठरत होतं, आणि ते मला दोन वर्षं दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना आठ वाजता, खोली बंद झाल्यावर. ज्याला थांबायचं त्यानं थांबावं.

झालं! महिन्याभरानं सोलापूरच्या मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ आले. खोली गच्च भरलेली पाहून खूष झाले, वर्गणीचं पाकीट काढून हातात दिलं आणि मग म्हणाले, "सगळं ठीक आहे सर, पण मग ह्यात ख्रिस्ती काय राहिलं? कॅरम तर कुणीही मांडेल."

प्रश्न रास्त होता. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. रात्री मात्र लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' काढून बसलो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या वर्षांत त्या बाईनं काय काय सोसलं ते आपण सर्वांनी वाचलंय. पण मला त्या रात्री आठवत होते ते ठोंबरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांचा हा पोरगा उभा राहिला आणि 'बालकवी' झाला. पुढे नगरला टिळकांच्या घरी तो मुलासारखा राहिला. खायला, भांडायला, रुसायला, कविता करायला. त्या घरात प्रार्थना होत असे, भजन होत असे. आणि ठोंबरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. १९१८ साली भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून ते गेले तेव्हा २७ वर्षांचे होते. टिळकांच्या घरात ख्रिस्ती काय होतं, असा प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. आणि त्याच टिळकांनी १९१७ साली साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा ठेवली होती.

हे सगळं मी त्या गृहस्थांना पत्रानं कळवलं. त्यांचं उत्तर आलं : "टिळक मोठे होते." म्हणजे मी नाही. असो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सुरुवातीला आम्ही पोरांना चहा-बिस्किटं देत होतो. एका संध्याकाळी एका मुलाचे वडील आले. पांढरा सदरा, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. दारातच उभे राहिले.

"गुरुजी, पोरगं रोज हितं येतंय म्हणं. बिस्कुटं खाऊ घालून काय शिकवताव त्याला?"

मी त्यांना आत बोलावलं. ते तासभर भिंतीशी बसून राहिले, पोरांचा डाव पाहत. जाताना म्हणाले, "खेळू द्या. पण पोराला आमच्यातनं काढू नका." मी शब्द दिला. चहा-बिस्किटं तेव्हापासून बंद झाली, फक्त माठ राहिला. आपल्या खोलीबद्दल गावात कुजबूज असेल तर ती बिस्किटाच्या पुड्यावरून नसावी, एवढंच.

या शब्दाची किंमत मला नंतर कळली. तोच मुलगा सोळा वर्षांचा झाला, आठनंतर थांबू लागला, आणि एका रात्री सगळे गेल्यावर म्हणाला, "सर, मला तुमच्यात यायचंय." घरी त्याचं वडिलांशी जोराचं भांडण चाललं होतं, दहावीत तो नापास झाला होता. त्याला देव हवा होता की घरापासून दूर पळायला जागा, हे मला ओळखता येईना. कदाचित त्यालाही येत नसावं. मी म्हटलं, "अजून दोन वर्षं थांब. अठराचा हो. आधी घरी बोल. तेव्हाही वाटलं तर मी तुझ्याबरोबर तुझ्या वडिलांसमोर येऊन बसेन."

त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही नाही. पुढे कळलं, पुण्याकडे कुठंतरी कामाला लागला. वडील बाजारात भेटतात, नमस्कार करतात. मी शब्द पाळला याबद्दल त्यांच्या मनात आदर आहे. मात्र पोरगा घरी फोन करत नाही, हे सांगताना ते माझ्याकडे पाहत नाहीत. मंडळीतले काही म्हणाले, दारात आलेला जीव तुम्ही परत पाठवलात. पत्नी म्हणाली, तुम्ही बरोबर केलंत, पण फार लवकर उत्तर दिलंत. त्याला नुसतं बोलू द्यायचं होतं. मला तिचंच म्हणणं जास्त लागलं. वर्गात तीस वर्षं उत्तरं देण्याची सवय झालेला माणूस मी.

मुलींचं सांगायचं राहिलं. पहिली तीन वर्षं एकही मुलगी आली नाही. पत्नीनं दाराजवळ आपली खुर्ची टाकली, शिवण घेऊन बसू लागली, मागच्या संडासाला कडी आणि कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली. मग दोघी आल्या, मग सहा. कडी-कुलपाचा खर्च दीडशे रुपये. मी इतकी वर्षं 'मानसिकता' वगैरे शब्द वापरत होतो.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि दार बंद झालं. शाळा मोबाईलवर गेली. तीन भावंडांत एक मोबाईल, तोही बाप घरी असेल तेव्हा. पुन्हा उघडलं तेव्हा पोरं कॅरमपेक्षा मोबाईलच जास्त धरून बसू लागली. आता दाराशी एक टोपली ठेवली आहे. आत येताना मोबाईल तिच्यात. यावरून जेवढी कुरकुर झाली तेवढी प्रार्थनेवरून कधी झाली नव्हती.

काल आठ वाजता खोली बंद करताना चौघं थांबले. मी गाणं सुरू केलं. दोघांना येत होतं. तिसरा नुसता मांडी घालून बसला होता. चौथ्याचा मोबाईल भिंतीच्या प्लगला लावलेला होता आणि तो पूर्ण चार्ज होण्याची वाट पाहत होता. आमचं 'आमेन' झालं तेव्हा अठ्ठ्याऐंशी टक्के झाला होता. तो म्हणाला, "सर, अजून एक म्हणा की."