टांगाईलची उडी

गेल्या श्रावणांत आम्ही आखाडा बाळापूर येथें आमच्या आप्तांकडे गेलों होतों. रात्रीं जेवणें आटोपून मंडळी ओसरीवर बसली असतां नांदेडच्या दिशेनें एक विमान दिवे लुकलुकत गेलें. घरांतील धाकट्या नातवानें विचारलें, "यांतून माणसाला उडी मारतां येईल का?" माजघराच्या उंबऱ्याशीं वाती वळीत बसलेल्या आजीबाई म्हणाल्या, "आपण होऊन कोण मारील रे? ढकलून देत असतील बापड्यांना." मंडळी हंसली; पण प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आम्हीं त्या रात्रीं जी हकीकत सांगितली, तीच वाचकांपुढें ठेवीत आहों.

या हकीकतींतील डाकोटा विमान आजच्या विमानांच्या मानानें केवळ वृद्ध. मूळचें तें उतारूंचें. डग्लस कंपनीच्या या डीसी-३ विमानानें पहिलें उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजीं केलें. दोन पंखे, एकवीस उतारू, आणि जमिनीवर उभें असतां शेपूट टेकलेलें. त्यामुळें आंत शिरल्यावर चढण चढून आपली जागा गांठावी लागे. दुसऱ्या महायुद्धानें त्यास लष्करी पोशाख चढविला. युद्ध संपतांच तें पुन्हां संसारास लागलें. निजामी राज्यांतील डेक्कन एअरवेजकडे डाकोटाच होतीं, आणि बाळापूर त्या वेळीं त्याच राज्याच्या परभणी जिल्ह्यांत होतें. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं टपालाचीं डाकोटा विमानें मध्यरात्रीं नागपुरास जमत व थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. अशा या गरीब गाईच्या दारांतून ११ डिसेंबर १९७१ रोजीं मराठी जवानांनीं शत्रूच्या मुलखांत उड्या घेतल्या.

ही पलटण म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन. पूर्वीची ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. १९४४ सालीं इटलींत धारातीर्थीं पडून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नाईक यशवंत घाडगे हे तिच्यांतलेच. पाकिस्तानची ९३ वी ब्रिगेड मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेत होती. ती तेथें सुखरूप पोंचली असती तर राजधानीचें संरक्षण तितकें बळावलें असतें. वाटेंत टांगाईलजवळ लोहजंग नदीवर पुंगलीचा पूल होता. तो अडविण्याचें काम लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखालील या पलटणीकडे आलें. डाकोटा, पॅकेट, कॅरिबू, एएन-१२ अशा नाना जातींच्या विमानांचा ताफा निघाला, आणि दिवस मावळण्याच्या सुमारास छत्र्या उघडूं लागल्या.

आतां आजीबाईंच्या शंकेचें उत्तर. विमानांत डोक्यावरून एक तार गेलेली असते. प्रत्येक जवान आपल्या छत्रीची दोरी त्या तारेला अडकवितो. पाठीवर छत्री, पोटाशीं राखीव छत्री, शिवाय शस्त्रें व सामानाचें ओझें; डुलत डुलत दाराकडे सरकावयाचें. तांबडा दिवा लागला कीं सज्ज व्हावयाचें, हिरवा लागला कीं बाहेर. छत्री त्यानें उघडावयाची नसते. अडकलेली दोरीच ती ओढून काढते. त्या छत्रीची घडी दुसऱ्याच कोणीं घातलेली असते! जवान आगऱ्याच्या शाळेंत पांच उड्या घेऊन तयार झालेला असतो, हें खरें. तरी स्वतःचा जीव परक्याच्या घडीवर सोंपविणें आम्हांस उडीपेक्षांही अवघड वाटतें.

ढकलण्याचें म्हणाल, तर तेथें थांबण्यास सवडच नसते. विमान सेकंदास सुमारें पन्नास मीटर पुढें जात असतें. एकजण दारांत दोन सेकंद घुटमळला, तर त्याच्यामागचा जवान खालीं शंभर मीटर दूर पडतो, आणि त्याच्यामागचे सर्व तितकेच दूर. अंधारांत, अनोळखी मुलखांत, तें अंतर जिवावर बेतूं शकतें. म्हणून पहिला उडी घेतो ती मागच्यांसाठीं.

इतकें करूनही कांहीं जवान व सामान भलतीकडेच पडलें. गांवकरी धांवत आले आणि त्यांनीं ओझीं वाहून नेलीं. रात्रीं पूल हातीं आला. शत्रूनें चढाया केल्या, त्या परतविल्या गेल्या. १२ तारखेच्या सायंकाळीं जमिनीवरून येऊन मिळाली ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण! आकाशांतून उतरलेले मराठे आणि चिखल तुडवीत आलेले मराठे पुंगलीच्या पुलावर भेटले. शत्रूच्या ब्रिगेडची वाताहत झाली व तिचा सेनानी पुढें कैद झाला.

परदेशीं वृत्तपत्रांत पांच हजार जवान उतरल्याचें छापून आलें. वस्तुतः उतरली एक पलटण व तिच्यासोबतचे थोडे तोफखान्याचे व इतर लोक. त्या प्रसंगाचें म्हणून जें छायाचित्र प्रसिद्ध झालें, तेंही आगऱ्याकडील जुन्या सरावाचें होतें. आम्हांस फुशारकीचा तिटकारा आहे. पण ढाक्यांतील सेनाधिकाऱ्यांनीं तो आंकडा वाचला असेल, तर त्यांची झोंप उडाली असेल याचें आम्हांस दुःख नाहीं. १६ डिसेंबर रोजीं ही पलटण ढाक्यांत शिरली.

नातू एव्हांना झोंपला होता. आजीबाईंनीं मात्र विचारलें, "आणि यांच्या घरीं हें केव्हां कळलं?"

"पत्रें आलीं तेव्हां," आम्ही म्हणालों.