परक्याची सायकल आणि आपला पाना

ज्याच्या घरी दोन पाने, एक पंप आणि सोल्युशनची नळी आहे, त्याच्या अंगणात रविवारी सकाळी वाड्यावरची एखादी सायकल उलटी उभी असावयाचीच. आमच्या अंगणात ती कित्येक वर्षे उभी राहत आली आहे. शेजाऱ्याचे काम, त्याचे पैसे कसले घ्यावयाचे, ह्या भावनेने आम्ही ते करीत आलो. आणि त्यातील खाचखळगे आमच्या ध्यानात आले ते बरेच उशिरा.

सायकलीचे एकच एक काम असे सहसा नसते. साखळीचेच पाहा. नव्या साखळीत दर अर्ध्या इंचावर एक खीळ असते, म्हणून फूटपट्टी लावली तर 24 कड्यांची लांबी बरोबर 12 इंच भरते. वापराने खिळी झिजतात आणि तीच लांबी वाढते. ती इंचाच्या आठव्या भागाने वाढलेली दिसली, तर साखळीबरोबर मागच्या फ्रीव्हीलचे दातही झिजले आहेत असे समजावे. अशा दातांवर नवी साखळी नीट बसत नाही. चढावर जोर लावला की ती उसळते. दुकानातला कारागीर हे आधीच सांगतो, खर्चही सांगतो आणि मोकळा होतो. फुकट काम करणाऱ्याची जीभ येथे अडखळते. शेजाऱ्याला साखळी आणावयास आपणच लावले. आता फ्रीव्हीलही आणा, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? मग जुन्यावरच भागविले जाते.

पायडलांची गोष्ट थोडक्यात सांगण्याजोगी आहे. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. हे ठाऊक नसलेला उत्साही मनुष्य डावे पायडल सोडविण्याच्या खटपटीत ते अधिकच आवळतो, किंवा डावे उजवीकडे बळाने बसवून आटे खाऊन टाकतो. आम्ही हा पराक्रम एकदा केला आहे. नुकसान सायकलीच्या मालकाचे झाले, आणि वर चहाही त्यानेच पाजला!

पण खरी गोष्ट ब्रेकची. आमच्या फोंडा तालुक्यातले रस्ते चढउतारांचे, आणि पावसाळ्यात ओल्या लोखंडी रिमवर ब्रेकची पकड आधीच कमी. एका जून महिन्यात, शाळा सुरू होण्याच्या सुमारास, नववीतल्या एका मुलाच्या सायकलीला आम्ही ब्रेकची नवी रबरे बसवून दिली. रबर ज्या लोखंडी खोबणीत बसते तिचे एक तोंड बंद असते, दुसरे उघडे. बंद तोंड चाक फिरते त्या दिशेला हवे, म्हणजे रिमने रबर कितीही पुढे ओढले तरी ते अडून राहते. पुढच्या ब्रेकच्या खोबणी आम्ही नेमक्या उलट बसविल्या. अंगणात ब्रेक दाबून पाहिला, चाक थांबले, आमचे समाधान झाले.

चौथ्या दिवशी शाळेच्या उतारावर रबर निसटून पडले. एकटा मागचा ब्रेक पुरला नाही. मुलगा चिऱ्यांच्या गडग्यावर आदळला आणि त्याचे मनगट मोडले.

पुढे कळले ते अधिक बोचणारे होते. रबर बाहेर सरकत असल्याचे त्याला दुसऱ्याच दिवशी दिसले होते. रोज सकाळी तो ते अंगठ्याने आत ढकलून शाळेला येत असे. आम्हांस का सांगितले नाहीस, असे विचारता तो खाली मान घालून म्हणाला, "सर, तुम्ही फुकट करून दिलेले. परत कसे सांगू?" दुकानात पैसे मोजले असते तर तो त्याच संध्याकाळी सायकल घेऊन तेथे उभा राहिला असता. त्याची आईही नंतर आमच्या घरी आली ती एक फणस घेऊन. दोषाचा एक शब्द तिने काढला नाही. तो फणस आमच्या घशाखाली उतरणे कठीण झाले.

तेव्हापासून सायकलीचा मालक समोर बसल्याशिवाय आम्ही पाना हाती घेत नाही. ब्रेक तर आम्ही त्याच्याच हातून बसवून घेतो. खोबणीचे बंद तोंड कोठे आहे ते त्याने आम्हांस दाखवावयाचे. आठ दिवसांनी सायकल पुन्हा आणावयाची, बिघाड असो वा नसो. चाकाचा कोन आणि आतले छर्रे ह्यांचे काम आले की आम्ही सरळ दुकानाची वाट दाखवितो. काही शेजाऱ्यांना हे आवडले नाही.

तो मुलगा आता महाविद्यालयात जातो. परवा तो मागच्या चाकाचा आउट काढून घ्यावयास आला होता. आम्ही आरे आवळले, चाक फिरवून दाखविले आणि हात पुसू लागलो. त्याने खाली वाकून रिमकडे पाहिले आणि म्हटले, "सर, अजून डावीकडे घासते."

आम्ही पुन्हा पाना उचलला.